उसन्या चाकांचं पासिंग

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. जुनी म्हणा, खटारा म्हणायचं नाही. चांदवडच्या राहूड घाटाखाली आमचं गाव. तिथली पोरं घाट चढून शाळेत पोचवायची आणि दुपारी घरी आणायची, हे माझं काम. माझा मालक रंगनाथ. पण हुकूम चालतो तो त्याच्या आईचा, कुसाबाईचा.

मी कारखान्यातून नवी कोरी आले, तेव्हा कुसाबाई माझ्या पत्र्यात तोंड बघून कुंकू सारखं करायची. बाजारच्या दिवशी बाया एकमेकींना ढकलून माझ्यातच बसायच्या. "रंगनाथच्या गाडीत पोटातलं पाणी हालत नाय," म्हणायच्या. असं कौतुक ऐकलं की मीही जरा ताठ चालायची.

पुढे माझ्या टायरांची नक्षी झिजली. बोट फिरवलं तर तळहातासारखं गुळगुळीत लागायचं. गाडीवाले त्याला गोटा टायर म्हणतात. रंगनाथ मला धुवायचा, पुढे लिंबू-मिरची बांधायचा, पण खाली वाकून बघायचा नाही.

भाड्याच्या गाडीला मुदतीमुदतीनं नाशिकला तपासणीला जावं लागतं. ब्रेक, दिवे, टायर सगळं साहेब बघतात. त्यालाच पासिंग म्हणतात. त्यावर रंगनाथनं एक अक्कल काढली होती. शेजारच्या सहादूची जीप माझ्याच जातीची, पण टायर नवे. पासिंगच्या सकाळी तिची चाकं मला लावायची, माझी तिला. संध्याकाळी परत ज्याची त्याला. साहेबांना कळायचं तरी कसं? त्यांच्यापुढे मी नव्या चाकांवरच उभी असायची.

मला मेलं ते उसनं कधीच आवडलं नाही. कुसाबाईलाही नाही.

"शेजारणीच्या पाटल्या घालून पोरगी दाखवतात, तसलं हे," ती त्या सकाळीही ओट्यावरून म्हणाली. "लग्न झाल्यावर पाटल्या परत. मग सासरी काय, शेण?"

"आई, एका दिवसाचा तर प्रश्न हाय," रंगनाथ जॅक लावत म्हणाला. "सहादूभाऊ, तुझी गाडी आज दारातच राहू दे हां."

"मला कुठं जायचंय," सहादू म्हणाला.

चाकं बदलली. एवढ्यात रंगनाथची पायल दप्तर घेऊन बाहेर आली. ती आठवीत. "बाबा, तुम्ही नाशिकला चालले, मग आम्हाला कोण नेणार?"

रंगनाथनं डोकं खाजवलं. शाळा बुडाली तर पोरांचे आईबाप दुसरी गाडी बघतील, ही त्याला भीती. "सहादूभाऊ, आजच्या दिवस पोरांना तेवढं ने-आण कर. सावकाश घे."

सहादूनं आपल्या जीपखाली बघितलं. तिथं माझी चाकं होती. "ह्याच्यावर?"

"मी रोज ह्याच्यावरच नेतो की!"

मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असतं तर मी सगळा गाव गोळा केला असता. हॉर्न होता, पण तो वाजवायलाही माणूस लागतो.

नाशिकला मी पास झाले. रंगनाथ खुशीत मिसळ खायला बसला आणि तिथंच त्याचा फोन वाजला. त्यानं पावाचा तुकडा ताटात टाकला आणि हात न धुताच मला चालू केलं.

तिकडं दुपारी सहादू पोरांना घरी आणत होता. घाट उतरताना पुढच्या पाण्याच्या टँकरमधून पाणी गळत होतं. वळणावर सहादूनं ब्रेक दाबला. ब्रेक लागला, चाकं थांबली, पण गाडी थांबली नाही. ओल्या रस्त्यावर तशीच घसरत कठड्यावर गेली. बाकी पोरांना खरचटण्यावर निभावलं. पायल दाराशी बसली होती. तिचा गुडघा फुटला.

दवाखान्यात हवालदार सहादूला विचारत होता. सहादू म्हणाला, "साहेब, माझं पासिंग चालू हाय."

"पासिंग चालू असलं म्हणून गोटा टायरवर गाडी चालवायची सूट मिळत नाही. त्यात पोरं भरली. हा गुन्हा आहे."

रंगनाथनं मान खाली घातली. "साहेब, चाकं माझी हायेत. मीच धाडलं त्याला."

त्याच्या खिशातून पासिंगचा कागद डोकावत होता. कुसाबाईनं तो बघितला. "काढ तो. पोरीच्या गुडघ्याला बांध. बघ बरा होतो का."

घरी येताना मला घाटात सहादूची जीप दिसली, कठड्याला तोंड लावून उभी. खाली माझी चाकं होती. मी ती ओळखली.

दुसऱ्या दिवशी सहादूची चाकं गेली आणि मी दारात दगडांवर चढले. कोंबड्या माझ्याखाली बसू लागल्या. काचेवर मात्र मी रस्त्यावर चालायला योग्य असल्याचा कागद! त्याची मुदत अजून पुष्कळ होती. कुसाबाईनं किल्ली कमरेला खोचली. माझे स्वतःचे टायर येईपर्यंत, ब्रेकही उघडून तपासून होईपर्यंत तिनं ती सोडली नाही.

आता मी पुन्हा घाट चढते. पोरं बसण्याआधी पायल काठी टेकत येते, चारही टायरांच्या नक्षीत बोट घालून बघते, बापाला ब्रेक दाबून दाखवायला लावते. तिनं मान हलवल्याशिवाय कुणी बसत नाही.

मित्रांनो, गाडीत बसण्याआधी तुम्हीही असंच वाकून बघा. मोठी माणसं रागावली तरी बघा. आम्ही गाड्या बोलत नाही, आमचं दुखणं आमच्या अंगावरच वाचावं लागतं.

सगळी पोरं बसली की रंगनाथ पुढचं दार उघडून थांबतो. "पायल, ये ना गं."

पायल अजून माझ्यात बसलेली नाही. ती मागे सरते, आजीचा हात धरते आणि मी वळण घेईपर्यंत माझ्या चाकांकडे बघत राहते.