बोथट ब्लेड

"हात का थांबला रे? झोप लागली की काय?" फेसाने माखलेली मान मागे टाकून, डोळे मिटूनच मास्तरांनी विचारलं.

"मनगट जरा धरलंय, मास्तर."

थाप होती. मनगट ठणठणीत होतं. न्हाव्याचा हात एकेकाळी असा हलका चालायचा की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागे. मग वर्षभरापूर्वी एका सकाळी, काही कारण नसताना, त्याच्या मनात आलं, हा वस्तरा आत्ता आडवा ओढला तर? ओढला नाही. ओढायचा नव्हताच. पण तो विचार जो मानगुटीवर बसला तो उतरेना. समोर गळा आला की छाती धडधडायची, तळहाताला घाम फुटायचा आणि अंगावरचा पांढरा टॉवेल लाल दिसायला लागायचा.

सांगणार कोणाला? न्हाव्याने असं बोलून दाखवलं तर त्याच्या खुर्चीत माशीसुद्धा बसणार नाही.

मग त्याने आपल्यापुरता इलाज काढला. दाढीला नवं ब्लेड घालायचंच नाही. वापरून बोथट झालेलं घालायचं, म्हणजे हात फिरलाच तर कापणार नाही. खरं तर बोथट ब्लेडच कातडी ओढतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? पण भीतीपुढे शहाणपण चालत नाही. घरी त्याने सुऱ्या माळ्यावर टाकल्या, अंथरूण बाहेरच्या खोलीत आणलं. बायकोला वाटलं, याचं बाहेर कुठेतरी जुळलंय. तिने अबोला धरला.

त्याने वस्तरा टेकवला. ब्लेड अडखळलं आणि मास्तरांच्या गळ्यावर बारीक लाल रेघ उमटली.

"अरे, खरचटलंय नुसतं! तुरटी लाव."

न्हावी खाली बसला होता. श्वास घेता येत नव्हता. "मारलं मी तुम्हाला," एवढंच तो पुटपुटत राहिला.

मास्तरांनीच, गळ्याला कापूस लावून, त्याला डॉक्टरकडे नेलं. हृदयाचा आलेख चांगला निघाला. डॉक्टरांनी आणखी चौकशी केली आणि मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली.

"काही निघालं नाही ना? मग वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला?" बायको म्हणाली. पण सोबत आली.

डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बसवलं. न्हाव्याने मान खाली घालून सगळं ओकून टाकलं आणि बाई आता पोलिसांना फोन करणार म्हणून वाट बघत बसला.

"असं काही करावंसं वाटतं तुम्हाला?"

"नाही हो! विचारानेच जीव जातो माझा."

त्यांनी आणखी पुष्कळ विचारलं. झोप, दारू, राग, पूर्वी कधी कोणावर हात उचलला होता का. मग म्हणाल्या, "हा आजार आहे. नको तो विचार येतो आणि तुम्ही त्यालाच स्वतःची इच्छा समजून घाबरता. मग टाळाटाळ करता, आणि भीती आणखी पोसली जाते. औषध देते. दर आठवड्याला यायचं, एकेक गोष्ट परत हातात घ्यायची. वेळ लागेल, पण बरं वाटतं यात."

"बायकोला सांगावं लागेल?"

"तुमच्या मनावर आहे. पण एकट्याने किती ओढणार?"

मग त्यानेच दार उघडून बायकोला आत बोलावलं.

"बाहेर काही नाहीये माझं," तो म्हणाला. "तू शेजारी झोपलीस की मला वाटतं, माझ्या हातून तुझा जीव जाईल. म्हणून लांब झोपतो."

तिचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला. त्याने तो पाहिला. वर्षभर ज्याला घाबरून तो तोंड शिवून बसला होता, ते नेमकं हेच होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई तिला समजावत राहिल्या. हळूहळू तिचा हात खाली आला. तिने पर्स मांडीवर घट्ट धरली.

"गोळ्या जेवणाआधी द्यायच्या की नंतर?" तिने विचारलं.

निघताना जिन्यात अंधार होता. न्हावी वरच्या पायरीवर घुटमळला; तिची मान आपल्यापुढे यायला नको, तिने मागून यावं, असं त्याला वाटत होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं, केस वर गुंडाळून बांधले आणि त्याच्याकडे पाठ करून पुढे उतरायला लागली.