टिनाखालचे सत्तेचाळीस अंश

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. काड्यापेटीहून थोडा मोठा. दर दहा मिनिटांनी घरातली उष्णता मोजून पोटात साठवायची आणि संगणकाला कळवायची, एवढेच माझे काम.

गेल्या वर्षी मार्चमध्ये रचना नावाच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने गोंदियातल्या चाळीस घरांत माझ्यासारखे चाळीस तापमापक लावले. आमच्या नोंदींवरून संगणक सर्वांत तापणारी घरे शोधणार होता आणि त्यांच्या छपरांना आधी ऊन परतवणारा पांढरा रंग लागणार होता. मी फुलचूर भागात सुमनबाईंच्या एका खोलीच्या घरात आलो. छप्पर टिनाचे. त्या दिवसभर बिड्या वळत. त्यांचे पती भैयालाल लकव्यामुळे खाटेवरच असत.

"पंखा काऊन बंद, मावशी?" रचनाने विचारले.

"तंबाखू उडते ना, बाई. यायले मी ओल्या फडक्यानं पुसून देतो," खाटेकडे बोट दाखवत सुमनबाई म्हणाल्या.

एप्रिलच्या शेवटी दुपारी मी सत्तेचाळीस अंश नोंदवले. बाहेर त्रेचाळीस होते. संगणकाने माझ्या नोंदींची ओळ इतर घरांशी ताडून पाहिली, ती फारच वेगळी दिसली, आणि त्याने शेरा मारला, यंत्र बिघडले असावे. यादी दुसऱ्याच दिवशी द्यायची होती. रचनाने माझी ओळ काढून टाकली.

रंगारी आले ते शेजारच्या गल्लीत. "आमचं नाव कायले नाही?" सुमनबाईंनी त्यांना विचारले. त्यांनी हातातली यादी दाखवली. कारण मला ठाऊक होते, पण मला वाचा कुठे?

मेमध्ये भैयालाल तापाने बरळू लागले. ओले फडके घटकाभरात वाळायचे. शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेले. भैयालाल परत आले नाहीत.

जूनमध्ये रचना मला न्यायला आली. खाट उभी करून ठेवलेली होती. तिने खात्रीसाठी नवा तापमापक माझ्याशेजारी ठेवला. दोघांचा आकडा एकच निघाला. ती जमिनीवरच बसली.

"यंत्र बरोबर होतं, मावशी. मीच त्याची नोंद खोडली."

सुमनबाईंनी हातातले बिडीचे तेंदूपान कापून बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "मले इचारलं असतं तं मी सांगलं असतं."

यंदा त्या टिनाला पांढरा रंग लागला आहे. रचनाने मला पुन्हा तिथेच ठेवले. खोली आता चार अंशांनी थंड असते. सुमनबाई तिथे एकट्याच बिड्या वळतात.

मित्रांनो, उद्या तुम्हीही अशा नोंदी तपासाल. एखादा आकडा अशक्य वाटला, तर तो खोडण्याआधी त्या घरात जा, आणि भर दुपारी तिथे थोडा वेळ बसा.