बावीस वर्षांत दोन चुका

लोक डास मारतात, मी पाळते. बरकतपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत हे सांगायची सोय नाही. कुणाला ताप आला की बायका माझ्याकडेच बघतात. पण बावीस वर्षं मी डासांच्या रोगांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेच्या डासघरात आहे. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत सगळं माझ्या हातचं, आणि एवढ्या वर्षांत माझ्या वहीत एक खाडाखोड नव्हती. याचा मला गर्व आहे. असायलाच हवा.

मागच्या वर्षी पुण्याहून ओंकारसर आले. तिशीचा मुलगा, हुशार, जेवायचं विसरणारा. त्यांनी एक यंत्र बनवलं होतं. ते मेलेल्या डासावर लाल रंगाच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकायचं आणि परत आलेल्या उजेडावरून डासात डेंग्यूचा विषाणू आहे की नाही ते सांगायचं. असला तर लाल दिवा, नसला तर हिरवा. डास वाटून, रसायनं घालून जे कळायला आम्हाला दीड दिवस लागतो, ते यंत्र क्षणात सांगायचं. त्याला शिकवण्यासाठी विषाणूचे आणि निरोगी असे दोन्ही डास मीच दिले. शंभरांत सत्त्याण्णव उत्तरं बरोबर यायला लागली. शुक्रवारी यंत्र तपासायला संस्थेची समिती येणार होती. त्यांना पटलं तर यंत्र शहरातल्या वस्त्यांत फिरणार, आमच्या गल्लीतसुद्धा. नाही पटलं तर सरांचा प्रकल्प बंद.

गुरुवारी दुपारी सरांना मी जेवायला हाकललं आणि पिंजरे आवरायला घेतले. अंड्यांसाठी ठेवलेले माझे निरोगी डास एका पिंजऱ्यात होते, तीन आठवड्यांचे म्हातारे. त्यातले पाच मरून पडले होते. गंमत म्हणून एक यंत्राखाली धरला. लाल. दुसरा, तोही लाल. पाचही लाल.

या डासांत विषाणू असणं शक्यच नव्हतं; विषाणूच्या डासांची खोली वेगळी, दोन दारांची, कुलपाची. मी स्टुलावर बसले आणि मग डोक्यात उजेड पडला. विषाणू डासाच्या अंगात भिनायला बारा दिवस लागतात, म्हणून ते डास मी बारा दिवस सांभाळून द्यायची. निरोगी मात्र तिसऱ्याच दिवशी देऊन टाकायची. त्यांना उगाच कशाला खाऊ घालायचं? घरात काडीचीही नासाडी न करणारी बाई मी, इथेही तेच केलं. यंत्र विषाणू शिकलंच नव्हतं. ते म्हातारे डास आणि तरुण डास वेगळे काढायला शिकलं होतं. ते तर मी पंखांच्या झिजलेल्या कडा बघून सांगते!

ते पाच डास कचऱ्याच्या डब्यात टाकले असते तर कुणाला कळलं नसतं. खोटं कशाला बोलू, डब्याचं झाकण उघडलंही होतं. पण उद्या हेच यंत्र आमच्या गल्लीत येऊन काहीबाही दिवे लावणार, हे मनातून जाईना. झाकण परत लावलं.

सर आले तेव्हा सगळं सांगितलं. त्यांनी पाचही डास पुन्हा यंत्राखाली धरून बघितले.

"ताई, उद्या समिती आहे."

"हौ, म्हणूनच आज सांगायलेय."

त्यांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाले, "प्रयोगाच्या पद्धतीत चूक झाली, एवढंच सांगतो मी. तुमचं नाव नको. तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय."

"नक्को. वही माझ्या अक्षरात हाय. मीच बोलते."

शुक्रवारी पाच लाल दिवे बघून अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून विचारलं, "ये गलती किसकी?"

"मेरी, मॅडम. मैंच करी. एक महिना दो. एकीच दिन पैदा हुए सो मच्छरां देती, एकीच खाना खिलाके."

महिना मिळाला. माझ्या कंत्राटाचं मात्र लटकलेलंच राहिलं.

मी कामाला लागले. एकाच दिवसाची अंडी, एकच पाणी, बेगम बाजारातून आणलेले एकाच पोत्यातले मनुके. यंत्राला नव्याने शिकवलं. मग परीक्षेसाठी चाळीस कुप्या भरल्या, प्रत्येकीत एक मेलेला डास आणि बाहेर नंबर. कुठल्या कुपीत काय आहे ते फक्त माझ्या बंद पाकिटात. समितीसमोर पाकीट फोडलं तेव्हा यंत्राची तेहतीस उत्तरं जुळली, सात चुकली. सरांचं तोंड एवढंसं झालं.

"ते सात आपल्या जुन्या पद्धतीनं तपासून घेऊ," मी म्हणाले. माझ्या पाकिटावर माझा पूर्ण भरवसा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. पाच ठिकाणी यंत्र खरंच चुकलं होतं. पण सात नंबरच्या कुपीत यंत्र म्हणालं तसा विषाणू होता आणि आठ नंबरच्या कुपीत नव्हता. त्या दोन कुप्यांवर मी नंबरांच्या चिठ्ठ्या उलटसुलट चिकटवल्या होत्या.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "त्रिवेणी, ये भी आप?"

"हौ मॅडम. ये भी मैंच."

आणि मला हसूच आवरेना. सात आणि आठ एकाच दिवशी जन्मले होते, एकाच पोत्यातले मनुके खाऊन वाढले होते. भिंगाखाली धरूनही मला फरक दिसला नव्हता. सात नंबरमध्ये विषाणू आहे हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. ते फक्त यंत्राला दिसलं होतं. बावीस वर्षांत माझी चूक पकडणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि आता भेटलं तर मला इतका आनंद झाला की डोळ्यांतून पाणी आलं.

"मशीन रखो," अध्यक्षबाई सरांना म्हणाल्या, "और इनको भी."

मी वही उघडली. सात आणि आठसमोरचं लिहिलेलं खोडून अदलाबदल केली आणि खाली ठसठशीत सही ठोकली. मग सरांना जेवायला हाकललं.