बोट काही फुटेना

आमच्या बेटावर झाड नाही. एक होतं म्हणतात, पण ते पाहिलेला माणूसही आता नाही. त्यामुळे घराचे दगड माळावरचे आणि तुळया समुद्राच्या. हेब्रिडीज बेटांच्या या किनाऱ्यावर दरसाल एखादी लाकडी बोट फुटायची. आधी माणसं काढायची, मग लाकडं, असा नियम. भरतीच्या रेषेवर जो ओंडका ओढून आणेल, ओंडका त्याचा. देव आमची काळजी घेतो. त्या बोटवाल्यांचं काय, असं विचारायची आमच्यात पद्धत नाही.

त्या साली लॅकलननं घराच्या चार भिंती उभ्या केल्या होत्या. वर नुसतं आकाश. त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी, रुअरीकाकांनी, त्याला बजावलं, "ईस्टरपर्यंत छप्पर चढव. नाहीतर मोराग आमच्याबरोबर कॅनडाला. चांदण्या मोजायला नाही वाढवली पोरगी."

नोव्हेंबरात अमेरिकेला निघालेली भलीमोठी प्रवासी बोट आमच्या वाळूत रुतली. उतारू ओहोटीला चालतच आले, दूध प्यायले आणि आपल्या वाटेनं गेले. लॅकलन दोर घेऊन टेकडीवर बसला. वादळ आलं. दुसरी कुठली बोट असती तर दुपारपर्यंत तिच्या फासळ्या मोकळ्या झाल्या असत्या. ही तशीच उभी. शेवटी लॅकलननं जवळ जाऊन तिच्या पोटावर दगड मारला. ठण्ण!

"लोखंडाची आहे, काका," तो परत येऊन म्हणाला.

"लोखंडाची बोट?" रुअरीकाका हसून हसून खोकले. "बादलीत खिळा टाक, तरंगला तर मला हाक मार."

"तरंगायचं राहू द्या हो. ती फुटत का नाही?"

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. लॅकलन खाता खाता उठायचा, टेकडीवर जाऊन यायचा, पेज गार व्हायची. बोटवाल्यांनी वाळू उपसायला माणसं घेतली, त्यात हाही गेला. दिवसभर तिला मोकळी करायचा आणि संध्याकाळी ती फुटावी म्हणून प्रार्थना करायचा.

मोराग एकदा म्हणाली, "तिच्याकडे बघतोस तसं माझ्याकडे कधी बघितलंस का?"

"तू आहेसच गं. ती कधी जाईल नेम नाही."

"मीही एप्रिलात जातेय."

त्यानंतर तो दिवसातून दहादा उठू लागला.

मार्चात लोखंडी बोटीला ओढून काढायला साखळदंड घेऊन एक लाकडी जहाज आलं. भर दुपारी वादळानं ते त्याच वाळूवर आपटलं. तासाभरात डोलकाठी कोसळली, फळ्या सुटल्या. पाच महिने लॅकलन ज्यासाठी तळमळत होता ते लाकूड त्याच्या पायाशी वाहत येत होतं. जहाजावर सहा माणसं ओरडत होती.

लाकडासाठी ठेवलेला दोर त्यानं स्वतःच्या कमरेला बांधला आणि लाटांत शिरला. मागे आम्ही आठजणांनी दोर धरला. बाकी गावानं नियमाचा दुसरा भाग आधी उरकायला घेतला. मी दोर धरला म्हणून मला फळीसुद्धा मिळाली नाही, हे मी फारसं बोलून दाखवत नाही. रोज एकदाच.

सहावा माणूस म्हणजे स्वयंपाकी. तो किटली सोडेना, किटलीसकट काढला. लॅकलननं मागे वळून पाहिलं तर किनारा साफ.

फक्त भरतीच्या रेषेवर डोलकाठी पडली होती आणि तिच्यावर मोराग बसली होती. कंबरेपर्यंत भिजलेली, दात वाजताहेत, हातात फावडं.

"ही आमची," ती जवळ येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. फावडं पाहून पटत होतं.

रुअरीकाकांनी डोलकाठीला काठीनं टोचून पाहिलं. "एक दुपार टिकलं नाही ते लाकूड माझ्या पोरीच्या डोक्यावर?"

"बाबा, छपरावर समुद्र येत नाही," मोराग म्हणाली.

छप्पर ईस्टरच्या आदल्या दिवशी चढलं. लोखंडी बोट पुढच्या मोठ्या भरतीला डौलात निघून गेली. रुअरीकाका कॅनडाला निघाले, तेव्हा धक्क्यावर लागलेल्या बोटीला त्यांनी आधी काठीनं ठोकलं. ठण्ण वाजल्यावरच चढले.

लॅकलन मात्र अजून वारा सुटला की ताटावरून उठतो.

"आता काय हवंय?" मोराग विचारते.

"गोठा उघडाच आहे ना!"