कारण सांगा, नाहीतर पातेलं घासा

तर्कशास्त्राची तीन पुस्तकं ओट्यावर मांडून आईने दुधाकडे पाठ फिरवली, आणि दुधाने संधी साधली. निम्मं उतू गेलं, निम्मं करपलं. पातेल्याच्या बुडाला काळाकुट्ट थर बसला.

"आई, तर्काने विचार केला तर दुधाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं," थोरली म्हणाली.

"तर्काने विचार केला तर तू शेगडीशेजारीच उभी होतीस!"

थोरली चौदाची, मधला दहाचा, शेंडेफळ सहाचं. तिघंही घरीच शिकत. आई पुस्तकं शिवायची, बांधायची कामं घरी घेई; एका हातात सुईदोरा आणि दुसऱ्या हातात कुणाची तरी वही. आज अकरा वाजता तपासनीस बाई यायच्या होत्या. घरी शिकवायची परवानगी आणखी वर्षभर मिळणार की नाही, ते त्यांच्या सहीवर होतं. फॉर्म भरून झाला होता. 'तर्कविचार' हा एकच रकाना कोरा होता.

आईला काळजी होती ती मधल्याची. शाळेत हे पोर दोन वर्षं तोंडाला कुलूप घालून बसलं होतं. नाव विचारलं तरी पायाच्या अंगठ्याकडे बघायचं. घरी आल्यावर सहा महिन्यांनी त्याने थोरलीशी पहिलं कडाक्याचं भांडण केलं, तेव्हा आईने भांडण सोडवायचं सोडून देवाला हात जोडले होते.

आता पुस्तकांची गत पाहा. पहिलं जाडजूड. थोरलीला चाललं असतं, पण शेंडेफळाने ते खुर्चीवर ठेवून वर बैठक मारली असती. दुसऱ्यात चित्रांचे पत्ते. शेंडेफळ खूश, थोरली खो खो हसणार. तिसरं पातळसं. रोज एकच वाक्य, आणि सगळ्यांनी टेबलाभोवती बसून त्याची चिरफाड करायची. कुठल्या वयाचं, ते कुठेच छापलेलं नाही. आईचा जीव जडला होता नेमका याच्यावर. आणि रकान्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'वयानुसार स्वतंत्र पुस्तक'.

बाई अकराच्या ठोक्याला आल्या. चष्मा दोरीला, फाइल छातीशी. आईने चहाचं विचारलं. "बघू," म्हणत त्यांनी पातळ पुस्तक उचललं, चाळलं, खाली ठेवलं.

"तिघांना हे एकच? नाही. हे नाही चालायचं."

"कारण?" शेंडेफळ म्हणालं.

आईने त्याला चिमटा काढायला हात पुढे केला, पण तो टेबलाखालून केव्हाच पलीकडे निसटला होता. त्याने मोरीवरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे मधल्याच्या अक्षरात कागद चिकटवलेला होता : 'कारण न देता नाही म्हणेल तो भांडं घासेल.' हा घरचा नियम. या नियमापायी बाबांनी इतकी भांडी घासली होती की हल्ली ते पावाची गाडी घेऊन निघताना कुणी काही मागितलं, तर 'नाही' म्हणतच नसत. 'बघू' म्हणत आणि पळत.

"बाई, कारण सांगा, नाहीतर पातेलं घासा," शेंडेफळाने समजावून सांगितलं.

"अहो मॅडम, लहान आहे तो, तुम्ही मनावर घेऊ..."

"थांबा. कारण आहे माझ्याजवळ." बाई ताठ बसल्या. "मुलांना आपापल्या वयाचंच पुस्तक समजतं. सगळ्या मुलांना."

मधला अंगठ्याकडे बघत होता. आईला ते दिसलं आणि ती मनात म्हणाली, देवा, आज एवढं सांभाळ. मग त्या अंगठ्याकडूनच आवाज आला.

"स... सगळ्या? का काही?"

"सगळ्या."

"मग एक जरी मूल वेगळं निघालं, तर कारण पडलं."

"आणि असं मूल आहे कुठे?"

मधल्याने मान वर केली. "बाई, लहानपणी तुम्ही मोठ्यांची पुस्तकं कधी चोरून वाचली नाहीत?"

बाईंचे कान गुलाबी झाले. "ताईची वाचायची. माळ्यावर लपून."

"समजायची?"

"न समजायला काय झालं! तिच्याआधी संपवायची मी."

"सापडलं मूल!" थोरलीने टेबलावर थाप मारली.

कारण पडलं, नुसतं 'नाही' उरलं. शेंडेफळ घासणी घेऊन हजर. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं आईला झालं. बाईंनी मात्र घड्याळ काढून फाइलवर ठेवलं आणि बाह्या सरसावल्या.

"भिंतीवर लिहिलंय म्हटल्यावर काय करता!"

पातेलंही वस्ताद होतं. बाईंनी पाच मिनिटं दात-ओठ खाऊन घासलं. "झालं?"

"नाही," शेंडेफळ म्हणालं.

बाई फेसाळ हातांनी गर्रकन वळल्या. "कारण?"

"इथे काळं आहे."

बाईंनी चष्मा लावून आत डोकावलं. "कारण खरं आहे," म्हणाल्या, आणि पुन्हा घासायला लागल्या.

हात पुसून त्यांनी पेन उघडलं, पण विचारलं मधल्याला. "काय लिहू?"

"एकच पुस्तक. तिघांना."

"कारण?"

मधल्याने या वेळी अंगठ्याकडे बघितलं नाही. "एकट्याला भांडता येत नाही."

बाईंनी ते जसंच्या तसं रकान्यात उतरवलं आणि खाली सही ठोकली. सहीवर साबणाच्या पाण्याचा एक थेंब पडला. आईच्या डोळ्यांतले थांबले, कारण मुलं बघत होती.

"मॅडम, चहा राहिलाच तुमचा. टाकू ना?"

"नाही," बाई म्हणाल्या, आणि तीन तोंडं उघडायच्या आत घाईघाईने पुढचं बोलून मोकळ्या झाल्या, "कारण दूध करपलंय!"