मान डोलेपर्यंत

कॉलेजातले चार विभाग एकाच लिफ्टने वर-खाली करत आणि एकमेकांशी "कितवा मजला?" एवढंच बोलत. इंजिनिअरिंगच्या मुलांना वाटे, नर्सिंगच्या मुली नुसत्या पट्ट्या बांधतात. नर्सिंगच्या मुलींना वाटे, ही मुलं उद्या पडणाऱ्या इमारती बांधतात. कायद्याच्या मुलांना दोन्हीकडून काम मिळणार होतं, म्हणून ती खुशीत असत. आणि समाजशास्त्रात नेमकं काय चालतं, हे समाजशास्त्रालाही विचारायची सोय नव्हती. या चौघांना एका वर्गात बसवायचं आणि एकाच घटनेकडे चार बाजूंनी बघायला शिकवायचं, हे खूळ समाजशास्त्राच्या बाईंनी काढलं. बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. या वयात माणसं गुडघे सांभाळतात. बाईंनी नवा अभ्यासक्रम काढला.

आखणी साधी होती. घटना एक, फायली चार. प्रत्येक गटाला एकच फाइल. बाकीच्या फायलींत काय आहे ते दुसऱ्यांना विचारूनच कळायचं. आणि एक नियम. तो बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून त्याभोवती चौकट काढली होती: आपलं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचं मांडायचं, आणि तो मान डोलावेपर्यंत मांडत राहायचं. त्याची मान डोलली की मग आपली पाळी.

सरावाला लिफ्टचंच भांडण घेतलं. इंजिनिअरिंगच्या एका उंच मुलाला नर्सिंगच्या मुलीची बाजू सांगायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "हिला घाई असते." मुलगी दगडासारखी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या घाईचा आलेख काढून आणला. तरी दगड. तिसऱ्या दिवशी कंटाळून म्हणाला, "आठ-आठ तास वॉर्डात उभं राहून हिचे पाय भरून येतात, आणि आम्ही एका मजल्यासाठी लिफ्ट अडवतो." मुलीने मान डोलावली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. पोरगं दाढ काढून आल्यासारखं खाली बसलं.

टाळ्या प्राचार्यांच्या कानावर गेल्या.

"बाई, येत्या गुरुवारी बाहेरची मूल्यांकन समिती येतेय. तुमचा वर्ग दाखवू. त्यांना असलं आवडतं."

"असलं म्हणजे?"

"म्हणजे… गोलात मांडलेल्या खुर्च्या." प्राचार्यांनी खुर्च्या किती लागतील ते विचारलं. वर्गात कुठलं प्रकरण घेतलंय, ते विचारलं नाही. तेवढं विचारलं असतं, तर पुढचं टळलं असतं.

प्रकरण कॉलेजातलंच होतं. अकरा वर्षांपूर्वी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आग लागली होती. तिथल्या परिचराचा उजवा हात भाजला. तिघांची चौकशी समिती बसली आणि ठपका ठेवून उठली: परिचराचा निष्काळजीपणा. त्या तिघांत बाई सगळ्यांत धाकट्या. सगळी कागदपत्रं त्यांच्याच कपाटात पडून होती. बाईंनी सगळ्यांच्या नावांवर काळी शाई फासली आणि चार फायली केल्या.

दुसरं प्रकरण मिळालं नसतं असं नाही. पण आपण तेव्हा विरोध केला होता, ही बाईंची पक्की आठवण होती. 'दोष माणसाचा नाही, सॉकेटचा आहे,' असं आपण बोललो होतो. मुलांनी शोधत शोधत तिथवर यावं, असं काही बाईंनी मनाशी म्हटलं नव्हतं. पण शाई फासताना हात हलका चालत होता.

सोमवारी कायद्याच्या गटातली एक बारकीशी मुलगी खोलीत आली. तिला सगळे वकीलसाहेब म्हणत. तिच्या हातात अहवाल होता.

"बाई, परिचराने आगीच्या चार महिने आधी अर्ज दिला होता. सॉकेटमधून ठिणग्या येतात, बदला. हा अर्ज इंजिनिअरिंगच्या फायलीत आहे."

"बरोबर. म्हणूनच तुम्ही एकमेकांना विचारायचं."

"विचारलं ना. पण तोच अर्ज आमच्या अहवालालाही जोडलाय. परिशिष्ट सहा. म्हणजे समितीने तो वाचला होता. आणि खाली लिहिलंय, 'निष्कर्ष एकमताने.' तीन सह्या आहेत. नावं पुसलीत, सह्या नाहीत."

बाईंनी पान हातात घेतलं. तिसरी सही त्यांचीच होती. शेपटी वर वळवलेली, रोज हजेरीपटावर करतात तीच.

"वेगळ्या मताची टीप असेल कुठेतरी," बाई म्हणाल्या.

"चारही फायलींत शोधली," वकीलसाहेब म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता, ना टोमणा. तो असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

जाता जाता ती म्हणाली, "आणि नर्सिंगच्या मुलींनी गुरुवारी किल्लीकाकांना बोलावलंय."

नर्सिंगच्या फायलीतल्या प्रथमोपचाराच्या नोंदवहीत लिहिलं होतं: उजवा हात, तीन बोटं तळव्याकडे आखडलेली. नाव काळ्या शाईने झाकता येतं. हात कसा झाकणार? मुली रोज सकाळी त्याच हातातून वर्गाची किल्ली घेत होत्या. आगीनंतर परिचराला प्रवेशद्वाराशेजारच्या किल्ल्यांच्या खिडकीत बसवलं होतं. नव्या मुलांसाठी तो किल्लीकाका झाला.

घरी बाईंनी पर्स टेबलावर ठेवली आणि नवऱ्याला विचारलं, "अहो, त्या आगीच्या वेळी मी विरोध केला होता ना?"

नवरा भूमापन खात्यातून निवृत्त झाला होता. अजूनही टेबल भिंतीपासून किती अंतरावर आहे ते नजरेने मोजायचा. "केला होतास की."

"बघा!"

"इथेच उभी होतीस. तासभर बोललीस. मी तेव्हाच सहमत झालो होतो." त्याने चष्मा पुसला. "पण माझी सही तिथे चालत नव्हती."

बाई खाली बसल्या. मग हळूहळू सगळं आठवलं. बैठकीत त्या गप्पच होत्या. वर्षानुवर्षं रखडलेलं नोकरीत कायम होण्याचं पत्र त्याच आठवड्यात निघायचं होतं, आणि समितीच्या अध्यक्षांच्या हातात होतं. त्यांचा विरोध जिन्यात सुरू झाला, बैठक संपल्यावर. घरी पोचेपर्यंत तो चांगलाच कडक झाला होता.

"किल्लीकाका या महिनाअखेरीला निवृत्त होतायत," त्या म्हणाल्या. "सेवापुस्तकात तो निष्काळजीपणाचा शेरा तसाच आहे. काढा म्हणून चार वेळा अर्ज केला त्यांनी. ऑफिस म्हणतं, समितीतल्या कुणी वेगळं मत लेखी दिलं तर बघू."

"समितीतले बाकीचे दोघं?"

"एक वारले. दुसरे प्राचार्य झाले."

"म्हणजे दोघांचाही उपयोग नाही," नवरा म्हणाला आणि बाईंपुढे चहाचा कप सरकवला. बाईंनी तो घेतला नाही.

गुरुवारी गोलात चाळीस खुर्च्या होत्या. मूल्यांकन समितीचे तिघे पाहुणे वह्या उघडून बसले होते. त्यांच्या शेजारी प्राचार्य, वर्गाचं श्रेय चेहऱ्यावर तयार ठेवून. किल्लीकाका दाराजवळच्या खुर्चीत टेकले होते. प्राचार्यांनी त्यांना पाहिलं आणि कुणी किल्ली मागवली असेल, असं समजून नजर वळवली.

वकीलसाहेब उठली. "आज आम्ही अहवालावर सही करणाऱ्यांची बाजू ऐकणार होतो. पण नियमाप्रमाणे त्यांनी आधी समोरच्याची बाजू मांडायची." ती बाईंकडे बघत राहिली. चौकटीतला नियम बाईंच्या डोक्यामागेच होता.

बाई उभ्या राहिल्या. "तिसरी सही माझी आहे," त्या म्हणाल्या. पाहुण्यांची पेनं थांबली. मग बाईंनी किल्लीकाकांची बाजू सांगायला सुरुवात केली. ठिणग्या, अर्ज, चार महिने, आग, हात. नीट, क्रमाने, शिकवल्यासारखी.

काकांची मान हलली नाही.

"अर्ज समितीने वाचला होता," बाई म्हणाल्या. "मीही वाचला होता. सॉकेट जुनं होतं हे आम्हाला कळत होतं. तरी दोष तुमच्यावर टाकला, कारण सॉकेटवर टाकला असता तर तो वर चढत गेला असता."

प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. "बाई, पाहुण्यांना ग्रंथालयही…"

"असू दे," पाहुण्यांतल्या वयस्कर बाई म्हणाल्या.

मान हललीच नाही. तो उंच मुलगा स्वतःच्या बुटांकडे बघत होता. तीन दिवस काय असतात ते त्याला ठाऊक होतं.

"काका, काय राहिलं?" बाईंनी विचारलं. नियमात असं विचारणं बसत नव्हतं.

काका खुर्चीत सावरून बसले. "बाई, तुम्ही रोज सकाळी किल्ली घेताना विचारता, हात कसा आहे. मी म्हणतो, बरा आहे. अकरा वर्षं. बाकी कुणी विचारत नाही." त्यांनी आखडलेला हात मांडीवर ठेवला. "मी घरी बायकोला सांगायचो, बाईंना माहीत आहे. आज ना उद्या बोलतील. ती म्हणायची, उद्या कधी येतो ते विचारा. मी विचारलं नाही. तुमचं काम, तुम्हीच करायला हवं होतं."

बाईंनी वर्गातच कागद घेतला, वेगळं मत लिहिलं, खाली सही केली. शेपटी वळली नाही, सरळच गेली. कागद प्राचार्यांच्या हातात दिला. पाहुणे बघत होते, म्हणून प्राचार्यांनी तो घेतला.

पुढच्या आठवड्यात दोन पत्रं निघाली. पहिल्यात लिहिलं होतं की, बाईंचा अभ्यासक्रम पाहुण्यांना फार भावला; सबब तो पुढील सत्रापासून सुधारणेसाठी थांबवण्यात येत आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं की, वेगळ्या मताचा कागद मिळाला. त्यावर विचार करण्यासाठी समिती नेमण्यात येईल. बैठक पुढच्या महिन्यात.

महिनाअखेर पुढच्या महिन्याआधी येते. याला प्राचार्यही काही करू शकत नव्हते.

शेवटच्या दिवशी बाई किल्ल्यांच्या खिडकीशी गेल्या. काकांनी किल्ली पुढे केली. बाईंनी हात कसा आहे ते विचारलं नाही.

"शेरा तसाच आहे, काका," त्या म्हणाल्या. "तुम्ही तो घेऊनच घरी जाणार. बैठक होईल, मी जाईन, बोलेन. पण आज तो तसाच आहे, आणि तो माझ्यामुळे आहे."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली. एकदाच.

मान डोलली की बोलणाऱ्याला हलकं वाटतं, असं बाई वर्षभर मुलांना सांगत आल्या होत्या. किल्ली मुठीत धरून त्या लिफ्टपाशी आल्या. आत चारही विभागांची मुलं दाटीने उभी होती.

"बाई, कितवा मजला?" कुणीतरी विचारलं.

बाईंनी लिफ्ट जाऊ दिली आणि जिन्याकडे वळल्या. गुडघे दुखत होते. पहिल्या वळणावर त्या थांबल्या. अकरा वर्षांपूर्वी विरोध सुरू केला होता, ती जागा हीच असावी. मग त्या पुढच्या पायऱ्या चढू लागल्या.