ताप कोणता, ते मला कळत नाही

मी एक जुना थर्मामीटर आहे. काचेचा, पाऱ्याचा. बॅटरीवर चालणारे, टीं टीं करून आकडा दाखवणारे ते माझे हल्लीचे नातेवाईक. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण माझी जात वेगळी. मला वाचायला डोळे बारीक करावे लागतात आणि तीन मिनिटं धीर धरावा लागतो. मित्रांनो, तेवढाच धीर धरून माझी हकिकत ऐका.

दूरच्या एका शहरात, काचेच्या कारखान्यात मी घडलो. कारागिरानं माझ्या पोटात पारा भरला आणि वर गळा अगदी अरुंद ठेवला. त्यामुळे एकदा चढलेला पारा आपणहून उतरत नाही, मला झटकावं लागतं. १९९० साली आम्ही बारा भाऊ एका खोक्यातून आरमोरीला, डॉक्टर गुणवंतरावांच्या दवाखान्यात आलो. एकाला रोग्यानं दातांनी कडकन फोडलं. एकाला कोणीतरी उकळत्या पाण्यात धुतलं. बाकीचे या ना त्या टेबलावरून पडले. मी तेवढा वाचलो, कारण मी रफीकभाऊंच्या हाती लागलो.

रफीकभाऊ दवाखान्याचे कंपाउंडर. स्पिरिटच्या बोळ्यानं मला पुसायचे, दोन झटके द्यायचे, रोग्याच्या जिभेखाली ठेवायचे आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचे. घाई कधी नाही. आकडाही कधी अंदाजानं सांगितला नाही. डॉक्टर म्हणायचे, "रफीकनं पाह्यला म्हणजे मी पाह्यला." ही स्तुती रफीकभाऊंची होती हे खरं, पण त्यातला थोडा वाटा मी मुकाट्यानं माझ्याकडे घेत असे.

आमच्या भागात ताप म्हणजे नवल नव्हे. धान कापणीला आलं की हिवताप येतोच. माणसं दुपारी घोंगडी पांघरून कुडकुडत यायची, गोळ्या घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभी राहायची. "ताप आहे, बाकी बरं आहे," असं हसत सांगणारे लोक मी इथंच पाहिले. तापाला कोणी भीत नसे. पुढं जी चूक झाली, ती या सवयीतूनच झाली.

२००९ साल आलं. जगभर नव्या फ्लूची साथ पसरली. एका देशातून दुसऱ्या देशात जाण्याचे नियम महिन्या-महिन्याला बदलू लागले. पूर्वी पासपोर्ट आणि व्हिसा असला की माणूस निघत असे. आता विमानतळांवर फॉर्म भरून घेत, ताप तपासत. ताप निघाला की बाजूला काढत. एरवी ज्या तापाची माझ्या गावात कोणी गोष्टसुद्धा करत नसे, तो आता माणसाची वाट अडवू लागला.

नेमकं त्याच वर्षी रफीकभाऊंच्या अम्मींचं, कमरजहाँबाईंचं, हजच्या सोडतीत नाव निघालं. चार वर्षं त्या अर्ज भरत होत्या. वय बासष्ट. सोबत मुलगा जाणार होता. लस टोचून झाली, कपडे शिवून झाले. त्यांच्या जथ्थ्याच्या प्रमुखांनी एकच गोष्ट बजावली होती: निघण्याच्या आदल्या दिवशी ताप नसल्याचा डॉक्टरांचा कागद आणा. कागद नाही तर नागपूरच्या विमानतळावर नेणाऱ्या जीपमध्ये जागा नाही.

त्या आदल्या दिवशी सकाळी कमरजहाँबाईंना थंडी वाजून आली.

रफीकभाऊंनी मला त्यांच्या जिभेखाली ठेवलं. मी माझं काम केलं. एकशे दोन. रफीकभाऊंनी मला खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचलं. मग अम्मींकडे पाठ केली आणि मला झटकलं.

"अम्मी, हा आपल्या इथचाच ताप आहे," ते म्हणाले. "गोळ्या देतो. उद्यापर्यंत उतरते."

मला आयुष्यात हजारो वेळा झटकलं असेल. पण आकडा लपवण्यासाठी तेव्हा पहिल्यांदाच. दवाखान्यात जाऊन त्यांनी कागदावर अठ्ठ्याण्णव लिहिलं आणि डॉक्टरांनी विश्वासानं सही केली. त्या सहीच्या वेळी मी रफीकभाऊंच्या खिशात होतो. मला फार वाईट वाटलं. रागही आला, पण त्यांच्या छातीची धडधड ऐकून तो फार वेळ टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी नागपूरला जाणारी जीप उभी राहिली. हजला जाणारा माणूस निघण्याआधी घरोघरी जाऊन सगळ्यांची माफी मागतो, ही रीत. कमरजहाँबाई पहिल्यांदा शेजारच्या कांताबाईंकडे गेल्या. तीस वर्षांचा शेजार. भीमजयंतीची खीर या घरातून त्या घरी आणि ईदचा शिरखुर्मा त्या घरातून या घरी. कांताबाईंची लेक नूतन बाळंतपणाला आली होती आणि घरात वीस दिवसांचं लेकरू होतं.

"कांता, बोललं-चाललं माफ करजो," कमरजहाँबाई दारातूनच म्हणाल्या.

"माफी कायची मांगता, बाई? घ्या, लेकराले जवळ घ्या. एवढ्या मोठ्या जागी चालल्या तुमी." कांताबाईंनी बाळ पुढं केलं.

कमरजहाँबाईंचे हात पुढं झाले आणि तिथंच थांबले. मग त्यांनी ते पदराखाली घेतले.

"नोको देऊ. मले ताप आहे."

"अवं बाई, या दिवसांत ताप कोणाले नाई?"

"हा कोणता आहे, मले का मालूम."

बाळाकडे बघत त्या थोड्या मागं सरल्या. मग मुलाकडे वळल्या. "रफीक, त्या इमानात किती लोक राह्यते?"

"असतीन तीनशे."

"त्याइच्यातबी कोणाचं लेकरू राहीन. म्हातारे राहीन."

"अम्मी, मलेरियाच आहे. वीस वर्षं झाले, मी तापच पाहून राह्यलो."

"रक्त तपासलं का तू?"

रफीकभाऊंनी खिशातल्या मला नुसतं चाचपलं.

"मंग लाव ते थर्मामीटर. इथीच लाव."

दाराबाहेर माणसं फुलांचे हार घेऊन उभी होती. तीन मिनिटं झाली. कमरजहाँबाईंना आकडे वाचता येत नव्हते. त्यांनी मला मुलाकडे दिलं नाही, नूतनच्या हातात दिलं.

"एकशे एकच्या वर आहे, मावशी," नूतन हळूच म्हणाली.

"रफीक, त्या कागदावर आता खरं लिही."

रफीकभाऊंनी उंबऱ्यावर बसून लिहिलं. रडू आवरत नव्हतं. मी खरं सांगितलं होतं, तरी त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला नाही. थोड्या वेळानं जीप दोन जागा रिकाम्या ठेवून निघून गेली. बांधलेल्या बॅगा शेजाऱ्यांनीच उचलून परत घरात नेऊन ठेवल्या.

त्याच दुपारी हिवतापाचं काम करणारा पत्रू येऊन कमरजहाँबाईंच्या बोटाचं रक्त काचेवर घेऊन गेला. चौथ्या दिवशी उत्तर आलं. मलेरिया. साधा, आमच्या बांध्यांमधला, डासांचा. तोवर गोळ्यांनी ताप उतरलाही होता आणि त्यांचं विमान आदल्या दिवशीच गेलं होतं. रफीकभाऊ तो कागद हातात धरून नुसते बसून राहिले. कांताबाईंना कळलं तेव्हा त्यांच्या मात्र डोळ्यांना पाणी आलं.

मित्रांनो, मी ताप किती ते सांगतो. कोणता ते सांगत नाही. नव्या नियमांनाही त्या वर्षी तेवढंच कळत होतं. म्हणून मी त्यांना दोष देत नाही. पण त्या घरातली शांतता आठवली की अजून मला माझ्या अडाणीपणाची लाज वाटते.

पुढं दवाखान्यात टीं टीं करणारं यंत्र आलं आणि मी टेबलाच्या खणात गेलो. माझ्या काचेवरचे आकडे आता पुसट झाले आहेत. कमरजहाँबाईंनी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरला. नाव निघालं नाही. त्यांनी परत भरला.

मित्रांनो, ताप आला तर लपवू नका, रक्त तपासून घ्या. आणि खरं सांगितल्यामुळे कोणी मागं राहिलं, तर त्याच्या घरी जाऊन बसत जा. पत्रूचा कागद आला त्या संध्याकाळी कांताबाई बाळाला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, हा तं आपलाच ताप होता. तुमी गेल्या असत्या तं कोणाले काईच झालं नसतं."

कमरजहाँबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं, त्याचं टोपडं सारखं केलं आणि म्हणाल्या, "हे आज मालूम झालं, कांता. त्या दिवशी कोणाले मालूम होतं?"